केमद्रुम

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, कपाटाच्या तळाशी किंवा आजोबांच्या जुन्या पेटीत, हळदीकुंकवाची बोटे लागलेली एक गुंडाळी जपून ठेवलेली असेल. जन्मपत्रिका मांडणारा ज्योतिषी तिच्यात जे शब्द लिहितो, त्यांतील बहुतेकांचा अर्थ आपल्याला निदान अंधुकसा तरी ठाऊक असतो. राशी, नक्षत्र, लग्न, दशा हे शब्द आपण बोलण्यातही वापरतो. पण त्या गुंडाळीत क्वचित एक शब्द असा येतो की, तो वाचल्याबरोबर घरातील वडील मंडळी गप्प होतात आणि त्याचा अर्थ मात्र कोणीच सांगू शकत नाही. तो शब्द ‘केमद्रुम’. आज मी त्या शब्दाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. ज्योतिष खरे की खोटे, हा माझा आजचा विषय नव्हे. त्याबद्दलचे माझे मत बोलता बोलता उघड झाले, तर त्याला माझा नाइलाज आहे.

केमद्रुम योगाची शास्त्रातली व्याख्या सोपी आहे. कुंडलीत चंद्र ज्या घरात असेल, त्याच्या पुढचे घर आणि मागचे घर पाहावयाचे. सूर्य सोडून द्यावयाचा. राहू-केतू हे छायाग्रह म्हणून तेही धरावयाचे नाहीत. उरलेल्या पाच ग्रहांपैकी, म्हणजे मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी यांपैकी, कोणी चंद्राच्या पुढच्या घरात असेल तर त्या योगाला सुनफा म्हणतात, मागच्या घरात असेल तर अनफा, आणि दोन्हीकडे असतील तर दुरुधरा. दोन्ही घरे ओस असली, तर केमद्रुम. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहज्जातकात हे चारही योग एकत्र सांगितले आहेत. पहिल्या तिहींची फळे चांगली आहेत. चौथ्याचे फळ दारिद्र्य, दुःख आणि परावलंबन. राजाच्या पोटी जन्मलेल्यालाही हा योग सोडीत नाही, अशी त्याची ख्याती.

आता शब्दाकडे वळू. संस्कृत जाणणाऱ्या माणसाच्या कानाला ‘द्रुम’ ऐकताच झाड दिसते. कल्पद्रुम म्हणजे कल्पवृक्ष. तर केमद्रुम म्हणजे कसला वृक्ष? ‘केम’ या शब्दाला संस्कृतात काही अर्थ नाही. तो कोणत्या धातूपासून आला हे सांगता येत नाही, आणि सुनफा, अनफा यांचीही तीच गत आहे. शब्दाला अर्थ नसला म्हणजे भीतीला वाव अधिक मिळतो. आमच्या सरकारी दप्तरांतही हा अनुभव येतो. एखाद्या नस्तीवर तीस वर्षांपूर्वी कोणीतरी मारलेला अगम्य शेरा नस्तीबरोबर टेबलाटेबलांवरून फिरत राहतो. त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही, पण तो शेरा आहे एवढ्यावरून प्रकरण अडून राहते.

हे केवळ उपमेपुरते नाही. बंगळूरच्या बनशंकरी भागात, जिथे माझे वास्तव्य आहे, तीन पिढ्या कर्नाटकात स्थिरावलेले एक मराठी कुटुंब राहते. घरातील भाषा मराठी, अंगणातील कन्नड, असा त्यांचा संसार. त्यांच्या मुलीचे लग्न ठरत आले होते. मुलगी रसायनशास्त्र शिकवते; मुलगा आणि मुलगी यांची भेट झालेली, उभयतांची पसंती झालेली. मग मुलाकडून निरोप आला की, पत्रिकेत केमद्रुम आहे, तेव्हा पुढे जाता येणार नाही. मुलीचे वडील एका रविवारी सकाळी पत्रिका घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “आपण संस्कृतात एम. ए. केलेत ना? मग या झाडाचा अर्थ तरी सांगा. ज्याच्यामुळे माझ्या मुलीचे लग्न अडले, ते झाड आहे तरी कसले?”

मी त्यांना सांगितले ते असे. ते झाड नाही. किंबहुना तो शब्दच आपल्याकडचा नाही. तो ग्रीक आहे, आणि ग्रीकमध्येही तो दुर्मिळ आहे. नाटककार आणि तत्त्वज्ञ यांच्या लेखनात तो शोधण्यात अर्थ नाही. त्याचा संसार सारा मूठभर ज्योतिषग्रंथांतला. ‘केनोद्रोमिया’ हा तो शब्द. ‘केनोस’ म्हणजे रिकामा आणि ‘द्रोमोस’ म्हणजे धाव, धावण्याची वाट. विमानतळाला आपले वडील ‘एरोड्रोम’ म्हणत, त्यातला ‘ड्रोम’ हाच. केनोद्रोमिया म्हणजे रिकामी धाव, ओसाड वाटेवरची धाव. अशी धाव कोणाची? तर चंद्राची. तिसऱ्या शतकातील पोर्फिरी याच्या नावावर जी ज्योतिषविषयक प्रवेशिका आहे, तिच्यात या शब्दाची व्याख्या आढळते. तिचा आशय असा की, चंद्र आपल्या मार्गाने पुढे जात असता त्याला तीस अंशांच्या टापूत कोणत्याही ग्रहाची गाठ पडत नसेल, तर ती केनोद्रोमिया. चंद्र दिवसाला सुमारे तेरा अंश चालतो. म्हणजे सव्वादोन दिवसांच्या प्रवासात त्याला वाटेत कोणीही भेटणार नाही, अशी ती स्थिती. ग्रीकांच्या कल्पनेतला चंद्र असा सतत चालता आहे. तो एकाला सोडतो, दुसऱ्याला गाठतो, आणि या भेटीगाठींतून फळ निर्माण होते.

केनोद्रोमियाचा केमद्रुम झाला हे पटण्यासारखे आहे काय? एकोणिसाव्या शतकातील कोशकारांनी केमद्रुमाचा संबंध ‘ख्रेमातिस्मोस’ या दुसऱ्याच ग्रीक शब्दाशी लावला होता. त्याचा अर्थ व्यवहार, कामकाज असा काहीसा होतो. मला ती व्युत्पत्ती मुळीच पटत नाही. ध्वनी ओढूनताणून आणावे लागतात आणि अर्थ तर अजिबात जुळत नाही. उलट केनोद्रोमियात दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. ‘न’चा ‘म’ होणे ही तोंडातही घडणारी गोष्ट आहे आणि लेखकूच्या लेखणीतही; आणि ‘द्रोम’चा ‘द्रुम’ होण्यास तर ओळखीचा शब्द समोर हजरच होता. शिवाय फळही जुळते. चौथ्या शतकातील फिर्मिकुस मातेर्नुस या लॅटिन ग्रंथकाराने रिकाम्या वाटेने धावणाऱ्या चंद्राचे जे फळ सांगितले आहे, तेही दारिद्र्याचे आणि निराधारपणाचेच आहे. शब्द, लक्षण आणि फळ अशी तिन्ही एकाच बाजूला साक्ष देत असताना आणखी काय हवे?

यात एक मौज दडलेली आहे. ‘द्रोमोस’ ज्या मुळापासून निघाला, त्याच मुळाची एक शाखा संस्कृतातही आहे. ‘द्रम्’ हा धावण्याच्या अर्थाचा धातू पाणिनीच्या परंपरेतील धातुपाठात नोंदलेला आहे. म्हणजे ज्या कोणी केनोद्रोमियाचे भाषांतर करावयाचे मनात आणले असते, त्याला धावण्याचा सख्खा चुलतभाऊ घरातच सापडला असता. तो त्याला दिसला नाही, दिसले झाड. याच्या उलट दुरुधरेची गोष्ट पाहा. तिचे मूळ ‘दोरुफोरिया’. दोरुफोरिया म्हणजे भालाईतपण, राजाच्या मागेपुढे भाले घेऊन चालणाऱ्या रक्षकांचे काम. चंद्राच्या दोन्ही बाजूंना ग्रह उभे आहेत, जणू पालखीपुढे आणि मागे भालदार चालत आहेत, अशी ती सुंदर कल्पना. यातला ‘दोरु’ म्हणजे मुळात लाकूड, मग लाकडी दांड्याचा भाला. आणि हा दोरु आपल्या ‘दारु’ या काष्ठवाचक शब्दाचा आणि ‘द्रुम’ शब्दाचाही जवळचा नातलग आहे. म्हणजे ज्या शब्दात झाड आहे त्यात ते आपल्याला दिसत नाही, आणि ज्यात नाही त्यात मात्र ते उभे राहून आपल्याला भिवविते! सुनफा तर ‘सुनाफे’, म्हणजे सांधा, जोड, गाठ. नावाजवळ नाव ठेवून पाहिले की चंद्राचे हे चारही योग एकाच कुटुंबातले आहेत हे कळते, आणि मग केमद्रुमालाच एकट्याला बाजूला काढून संस्कृत ठरविता येत नाही.

हे शब्द इकडे आले कसे? यवनांनी आणले. यवन म्हणजे मूळचे आयोनियन ग्रीक. पुढे हा शब्द पश्चिमेकडून येणाऱ्या इतरांसही लावला गेला. महाराष्ट्राला ते अपरिचित नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडील दत्तामित्री येथून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने लेणे कोरविल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या खांबांवरही धेनुकाकटाच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. ही माणसे येथल्या भाषेत लेख कोरवीत होती आणि येथल्या भिक्षूंची तहान भागवीत होती. त्यांच्याबरोबर नाणी आली, मद्याचे कुंभ आले, तसे पोथ्यांतले ज्ञानही आले. अशा ज्ञानाचा आज उपलब्ध असलेला जुना ग्रंथ म्हणजे स्फुजिध्वजाचे यवनजातक. त्याची पोथी काठमांडूला आहे. डेव्हिड पिंग्री या अमेरिकन पंडिताने 1978 साली ते संपादून प्रसिद्ध केले आणि मूळ ग्रीक ग्रंथाचे भाषांतर इ. स. 149-150 मध्ये, पश्चिम क्षत्रपांच्या राज्यात झाले असे मांडले. 2013 साली बिल माक यांनी पोथीचे वाचन पुन्हा तपासून या सनावळीला हरकत घेतली. तेव्हा नक्की साल आता कोणी छातीठोकपणे सांगू नये. वराहमिहिराच्या काळापर्यंत हे शब्द येथे पुरते रुळले होते, इतके मात्र निर्विवाद आहे. आपल्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात आणि पुढे महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या यवनऋणाचा सविस्तर परामर्श घेतलेला आहे. मराठी माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

वराहमिहिर स्वतः याबाबतीत मोकळ्या मनाचा होता. यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात चांगले प्रतिष्ठित झालेले असल्यामुळे त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो, अशा आशयाचे वचन त्याने बृहत्संहितेत दिले आहे. राशींची ग्रीक नावेही त्याने जशीच्या तशी नोंदली. मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि, सिंहाला लेय. कुंभ राशीचे ग्रीक नाव ‘हुद्रोखोओस’, म्हणजे पाणी ओतणारा. त्याचे आपल्याकडे झाले ‘हृद्रोग’! कुंभ राशीच्या श्रोत्यांनी घाबरून जाऊ नये. परका शब्द कानाने ओळखीच्या शब्दाच्या साच्यात घातला की असेच होते. आणि कुठल्या शब्दाला कोणता साचा मिळेल, हे शब्दाच्या नशिबावर अवलंबून. ‘जामित्र’ या शब्दाचे नशीब थोर. मूळ ‘दिआमेत्रोस’, म्हणजे समोरासमोरचा व्यास. ते कुंडलीतील सातव्या, विवाहाच्या स्थानाचे नाव झाले आणि कालिदासाने कुमारसंभवात पार्वतीच्या लग्नतिथीच्या वर्णनात ते वापरले. ‘केन्त्रोन’ म्हणजे टोचणी, अंकुश, कंपासाचे टोक. त्याचे झाले ‘केंद्र’. मी केंद्र सरकारचा चाकर, आणि आपण हे भाषण ऐकता तेही आकाशवाणी केंद्राच्या कृपेने. तेव्हा त्या शब्दाची अधिक स्तुती मी करू नये हे बरे.

शब्द बदलला तसा अर्थही बदलला, आणि माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट ही आहे. ग्रीकांची केनोद्रोमिया ही वेळेची गोष्ट होती. चंद्र चालतो आहे, आज त्याची वाट रिकामी आहे, परवा ती तशी राहणार नाही. आपल्याकडे अंशांचा हिशोब मागे पडला आणि घरांचा आला. पुढचे घर, मागचे घर. धावणारा चंद्र घरात बसला, आणि वाटेतली निर्जनता होती ती शेजारची निर्जनता झाली. तीस अंश म्हणजे एक रास, या साम्यामुळे हे स्थित्यंतर सहज झाले असावे. मग या घरांवर आपल्या लोकांनी आपली आवडती विद्या चालविली. ती म्हणजे गणित. पाच ग्रह आणि चंद्राच्या दोन बाजू धरल्या, तर सुनफेचे 31 प्रकार होतात, अनफेचे 31 आणि दुरुधरेचे 180. हे प्रकार वराहमिहिराने मोजून दिले आहेत. प्रत्येक ग्रह पुढे, मागे किंवा अन्यत्र, असे तीन पर्याय घेतले तर पाच ग्रहांच्या एकूण मांडण्या 243 होतात. 31, 31 आणि 180 यांची बेरीज 242. उरला एक. तो केमद्रुम. जमाखर्चात तळाशी जसे शून्य उरते, तशी ही उरलेली एक मांडणी आहे.

परंतु प्रकार एक असला म्हणजे तो दुर्मिळ असतो, असे नव्हे. प्रत्येक ग्रहाला बारा घरे आहेत. त्यांपैकी चंद्राच्या शेजारची दोन टाळून तो दहांत कोठेही बसू शकतो. पाचही ग्रह अशी दोन घरे टाळतील याची शक्यता ढोबळ हिशोबाने शेकडा 40 निघते. म्हणजे आपण दहा जण एका खोलीत जमलो, तर चौघांच्या पत्रिकेत हा योग सापडावा! राजकुळाचाही नाश करणारा योग शंभरांत चाळिसांना असेल, तर एक तर राजकुळे फार झाली किंवा योग तरी सौम्य असला पाहिजे. ही अडचण जुन्यांना कळली नसेल असे मला वाटत नाही. चंद्राबरोबर त्याच घरात दुसरा ग्रह असल्यास हा योग मानू नये, असे एक मत वराहमिहिराने तेथेच नोंदविले आहे. तेवढा एक अपवाद लावला की चाळिसांचे सुमारे चोवीस होतात. केंद्रस्थानांचे अपवाद आहेत, पुढच्या ग्रंथकारांनी आणखी भर घातली. ते सारे लावत गेल्यास फारच थोड्या पत्रिका शिल्लक राहतात. पण असे होते की, योगाचे नाव पाठ असते आणि अपवाद पोथीत राहतात.

त्या मुलीच्या पत्रिकेत चंद्राच्याच घरात गुरू होता. म्हणजे वराहमिहिराने नोंदलेल्या त्या मताप्रमाणे केमद्रुम नव्हताच. एवढेच नव्हे, बंगळूरचेच प्रसिद्ध ज्योतिषी बी. व्ही. रामन यांच्या तीनशे योगांवरील ग्रंथात पहिला योग गजकेसरी आहे आणि पाचवा केमद्रुम. चंद्रापासून केंद्रात गुरू असला की गजकेसरी, आणि त्या हिशोबाने तो मुलीला होता. एकाच कुंडलीत हत्ती, सिंह आणि ते न दिसणारे झाड! वडिलांनी हे सारे लिहून घेतले आणि मुलाकडे कळविले. उत्तर आले की, ग्रंथात असेल, पण आमच्या मनात आता किंतु आला. लग्न झाले नाही. मुलगी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिने मला एवढेच विचारले, “काका, ग्रीकांच्या मुलींचीही लग्ने यावरून मोडत होती का?” मी म्हणालो, “त्यांच्याकडे चंद्राची वाट रिकामी असताना सुरू केलेले काम फळाला येत नाही, असे मानीत.” ती म्हणाली, “मग त्यांनी परवावर ढकलले असते.” या मुलीने ग्रीक ज्योतिषाचा मर्मभाग एका वाक्यात सांगितला. मला तो सांगावयास इतका वेळ लागला.

आमच्या भागाला ज्या देवीचे नाव आहे, ती बनशंकरी मूळची बदामीजवळची. महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. येथील कनकपुरा रस्त्यावरचे देऊळ 1915 सालचे. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळात तेथे बायकांची रांग लागते. लिंबू कापून, पिळून, साल उलटी करून तिच्या वाटीत तेलवात लावतात. इतरत्र राहुकाळ टाळतात. येथे तो मुद्दाम गाठतात, याचे मला नेहमी कौतुक वाटते. अशुभ वेळेपासून पळून जाण्याऐवजी तिच्यासमोर दिवा ठेवावा, ही या रांगेतील बायकांची रीत आहे. राहू सर्वस्वी आपला, त्याला ग्रीसशी काही कर्तव्य नाही. पण ज्या वारांवर ही रांग अवलंबून आहे, त्या वारांचा क्रम मात्र ‘होरा’ या ग्रीक शब्दाशी बांधलेला आहे. दिवसाच्या चोवीस होरा. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने त्यांचे धनी. आणि सूर्योदयाच्या होरेचा जो धनी, त्याच्या नावाचा तो वार. रवीपासून मोजत गेले की चोवीस होरा संपून पंचविसावी चंद्राची येते, म्हणून रविवारानंतर सोमवार. आपल्याकडील कोरीव लेखांत वाराचा जुना उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथे इ. स. 484 च्या लेखात सापडतो. ‘होरा’ हा शब्द ‘अहोरात्र’ शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गळून झाला, असे काही जण म्हणतात, ही नोंदही वराहमिहिराचीच. व्युत्पत्ती म्हणून ती टिकणार नाही, परंतु पाहुण्याला घरातले नाव देण्याची तऱ्हा म्हणून ती मला फार गोड वाटते. आणि मराठीने तर कमाल केली. “माझा होरा असा आहे” म्हणताना आपण कोणी ग्रहांचा विचार करीत नाही. आपला तर्क, आपला अंदाज, एवढाच अर्थ मनात असतो.

केमद्रुमाला मात्र असे मोकळे आयुष्य लाभले नाही. तो पत्रिकेबाहेर कधी पडलाच नाही. त्याची जी शाखा पश्चिमेकडेच राहिली, तिची गोष्ट निराळी आहे. तेथील ज्योतिष्यांमध्ये रिकाम्या वाटेचा चंद्र आजही मानतात. फक्त तीस अंशांची अट जाऊन, चंद्र चालू रास ओलांडीपर्यंत त्याला कोणाची गाठ पडणार नसेल तर ती वाट रिकामी, असा त्यांचा नियम झाला आहे. त्यामुळे ही अवस्था कधी काही मिनिटांची असते, कधी काही तासांची, आणि महिन्यातून कित्येकदा येते. ती मानणारे लोक तेवढ्या वेळात करारावर सही करीत नाहीत, नवी वस्तू विकत घेत नाहीत. चंद्र पुढच्या राशीत गेला की पंचांग बाजूला ठेवतात आणि दुकानात जातात.